नाताळची सहल, वर्षाची गाणी

हे पुस्तक एका घरच्या वह्यांतून तयार झाले आहे. माझे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. दर नाताळला सगळ्या घराने सहलीला जायचे आणि तिथे प्रत्येकाने सरत्या वर्षातले आपले एक गाणे सांगायचे, ही पद्धत त्यांनी घालून दिली. सांगितलेले गाणे आई वहीत उतरवून घ्यायची. गाण्याचे नाव, ते कुठे ऐकले, ऐकताना शेजारी कोण होते आणि हेच का निवडले, एवढे ती लिहायची. आईनंतर हे काम माझ्याकडे आले. आता माझ्या भाचीने सगळ्या वह्या बारकाईने वाचून, पुसट झालेल्या ओळी लावून त्यांची वर्षवार मांडणी केली आहे, आणि प्रस्तावना मी लिहावी असा तिचा आग्रह आहे.

गाण्यांचे शब्द या पुस्तकात मिळणार नाहीत. नावे आहेत आणि कारणे आहेत. दुसऱ्याच्या घरच्या आवडीनिवडी आपण का वाचाव्यात, असे कुणी विचारले तर माझे उत्तर सरळ आहे. भिलाईत किती पोलाद झाले, रेल्वेचे किती रूळ बाहेर पडले, याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवलेल्या आहेत. ते पोलाद करणारी माणसे घरी येऊन काय ऐकत होती, सुट्टीच्या दिवशी काय गात होती, याची नोंद ज्याने त्याने आपापल्या घरी केली असेल तेवढीच. आमच्या घरी ती झाली. एका कारखान्याच्या गावातल्या कानांचा हा इतिहास आहे, आणि तो मराठीत लिहिला गेला ही मला मोठी गोष्ट वाटते.

वर्षाच्या शेवटी गाण्यांची यादी करायची, ही कल्पना वडिलांना रेडिओवरून मिळाली. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज यायचा आणि गाणी एकेका पायदानावर चढायची किंवा उतरायची. वर्षअखेरीला सगळ्या वर्षाची मिळून एक यादी लागायची. १९५३ च्या पहिल्या वार्षिक यादीत ‘अनारकली’मधले लताबाईंचे गाणे सर्वांत वर होते. ही यादी श्रोत्यांची पत्रे, श्रोता संघांची मते आणि रेकॉर्डची विक्री यांवरून ठरायची.

कारखान्यात सेकंड शिफ्ट दुपारी दोन ते रात्री दहा. त्या आठवड्यात वडिलांची बुधवारची गीतमाला हुकायची. मग आई पेन्सिल घेऊन रेडिओपाशी बसायची आणि कोणते गाणे कुठल्या पायदानावर आले ते लिहून ठेवायची. वडील रात्री जेवताना ती यादी वाचायचे आणि त्यांना न पटलेल्या गाण्यापुढे बोटाने खूण करून म्हणायचे, “हे इतकं वर कसं आलं?” आई म्हणायची, “तुम्ही तुमची यादी करा ना.” आमच्या वह्यांची सुरुवात तिथून आहे. सगळ्या देशाची यादी रेडिओवर लागते, मग आपल्या घराचीही असावी, हा विचार त्या काळच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आला.

नियम वडिलांनी ठरवले आणि ते फारसे बदलले नाहीत. गाणे नवे असण्याची अट नाही, त्या वर्षी ते आपल्याला भेटलेले असावे. गाणे एकट्याने ऐकलेले चालणार नाही. ऐकताना जवळ कुणीतरी हवे, ओळखीचे नसले तरी चालेल. एकदा निवडलेले गाणे त्या माणसाला पुन्हा निवडता येत नाही. आणि कुणाच्याही गाण्याला हसायचे नाही. चौथा नियम लहान मुलांसाठी होता, पण मोठ्यांना त्याची गरज जास्त पडली. एके वर्षी माझ्या काकांनी जाहिरातीतली धून निवडली आणि तिचे कारण इतके मनापासून सांगितले, की ती नोंद या पुस्तकातल्या माझ्या सर्वांत आवडत्या नोंदींपैकी एक आहे. ती काय होती ते वाचकाने स्वतःच शोधावे.

आता भिलाईबद्दल थोडे, कारण यातली अनेक गाणी या गावाशिवाय आमच्यापर्यंत पोहोचलीच नसती. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ साली करार झाला, शेतांच्या आणि खेड्यांच्या जागी कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. माणसे साऱ्या देशातून आली. एका रस्त्यावर मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, ओडिया आणि छत्तीसगढी घरे शेजारी शेजारी लागली. त्यांत विदर्भातून आणि नगर-जालन्याकडून आलेली आमच्यासारखी मराठी घरेही होती. प्रत्येक घर आपला देव, आपले लोणचे आणि आपली गाणी घेऊन आले. संध्याकाळी सेक्टरमधल्या रस्त्याने चालत गेले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच भाषांतले रेडिओ ऐकू यायचे. भिलाईला स्वतःचे गाणे नाही, असे मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. मला ते मान्य नाही. या गावाचे ऐकणे इतके मोठे आहे, की जुन्या, एकाच भाषेत मुरलेल्या शहरांना त्याचा हेवा वाटावा.

झोतभट्टी सणासाठी विझवता येत नाही. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, म्हणून नाताळच्या दिवशीही तिन्ही शिफ्ट भरतात. आमची सहल त्यामुळे पंचवीस तारखेलाच होईल याची खात्री नसे. वडिलांची फर्स्ट शिफ्ट असेल तर ते सकाळची उपासना चुकवून कामावर जात आणि सहल सव्वीसला निघे. नाइट शिफ्ट असेल तर सकाळी सहाला सुटून, अंघोळ करून, तसेच न झोपता चर्चला येत आणि तिथून आम्ही थेट निघत असू. वहीत सहलीच्या तारखा अठ्ठावीस-एकोणतीस डिसेंबरपर्यंत गेलेल्या दिसतील, त्याचे कारण हे आहे.

भिलाईतला नाताळ मात्र चोवीसच्या बराच आधी सुरू होतो. आगमनकाळातल्या रविवारी घरांवर कागदी चांदण्या लागतात. मल्याळी घरांत प्लम केकची तयारी सुरू होते. संध्याकाळी नाताळगीते गाणाऱ्या मंडळ्या गिटार, ढोलक आणि टॉर्च घेऊन एका क्वार्टरवरून दुसऱ्या क्वार्टरला जातात. एकाच रात्री एकच चाल मल्याळममध्ये, हिंदीत, तेलुगूत आणि ओडियात ऐकायला मिळणे ही इथल्या मुलांना अगदी साधी गोष्ट वाटते. ‘सायलेंट नाइट’ची चाल ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ या गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी पहिल्यांदा गायली गेली. शब्द योझेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांची, साथीला फक्त गिटार. दोनशे वर्षांनी ती आमच्या फाटकाशी वेगवेगळ्या भाषांत येते आणि प्रत्येक मंडळी ती आपली म्हणून गाते. १९८१ च्या बोनी एमच्या ख्रिसमस अल्बमचेही तसेच. आमच्या भागात त्याची कॅसेट एका घरात आली आणि बघता बघता तिच्या नकला सगळ्या सेक्टरभर पोहोचल्या. वहीत तो अल्बम एकाहून अधिक नावांपुढे आहे.

आम्ही ज्या चर्चमध्ये जात होतो तिथे उपासना हिंदीत होत असे. पाळकसाहेब प्रेमळ होते, गायनही चांगले व्हायचे, पण मराठी गीत तिथे कधी आले नाही आणि येण्याचे कारणही नव्हते. आजी या गोष्टीने मनातून कष्टी असायची. नगर भागातल्या मंडळीत तिचे लहानपण गेले होते. तिच्या पेटीत ‘उपासना संगीता’ची जुनी प्रत होती आणि त्यातली बरीच गीते तिला तोंडपाठ होती. घरात ती गुणगुणायची, पण मोकळ्या आवाजात गायला शेजाऱ्यांचा संकोच वाटायचा. शिफ्टचे गाव आहे, कोण कधी झोपलेले असेल सांगता येत नाही. सहलीला गेल्यावर तिला तो संकोच उरत नसे. पाण्याच्या काठी, झाडाखाली सतरंजी पसरली की आधी आजीची गीते, मग जेवण, मग वर्षाची गाणी, असा क्रम पडला. आमची मराठी उपासना वर्षातून एकदा होत असे आणि ती उघड्यावर होत असे. एक २०२० सोडले तर नाताळची सहल आमच्या घरात कधीच चुकवली गेली नाही, त्याचे खरे कारण मी हे मानते.

आजीच्या गीतांपैकी बरीच कवी नारायण वामन टिळकांची होती. इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण टिळकांचा आणि आमच्या या पट्ट्याचा संबंध भिलाईतल्या ख्रिस्ती माणसांनाही फारसा ठाऊक नसतो.

भिलाईहून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्ग सोडून शिवनाथ नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात राजनांदगावला पोहोचते. नागपूर ते राजनांदगाव ही लहान रुळांची गाडी १८८० च्या दशकात सुरू झाली, पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती रुंद केली. राजनांदगाव हे तेव्हा संस्थान होते. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचे काम केलेल्या टिळकांना या संस्थानात नोकरी मिळाली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी बसले होते. बोलणे कवितेपासून धर्मापर्यंत गेले. उतरण्याआधी वॉर्ड यांनी त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांनी ते पुस्तक वाचले ते या राजनांदगावात राहून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर काय सोसावे लागले आणि १९०० साली त्या स्वतः या वाटेने कशा आल्या, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत आहे. त्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. मराठीतल्या सर्वांत खऱ्या पुस्तकांपैकी ते एक आहे, असे मी अगदी बेधडक लिहिते.

गाण्याच्या दृष्टीने टिळकांनी केलेली गोष्ट मला त्यांच्या धर्मांतराइतकीच मोठी वाटते. त्यांच्या आधी मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरे पुष्कळ होती. ती भक्तीने गायली जात, पण मराठी जिभेवर अडखळत. टिळकांनी अभंग आणि ओवी घेतली, भजन घेतले, कीर्तन घेतले, आणि ख्रिस्ताविषयी तुकारामांच्या घराण्यातल्या माणसासारखे लिहिले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पेटी, तबला आणि झांज लावून मराठी ख्रिस्ती मंडळी आज जे गाते, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. माझी आजी त्यांचे गीत म्हणताना टाळी वाजवायची. आमच्या शेजारचे वर्ध्याकडचे एक वारकरी काका एकदा सहलीला बरोबर आले होते. दुसऱ्या कडव्यापासून त्यांनीही टाळीचा ठेका धरला. शब्द त्यांचे नव्हते, चाल मात्र त्यांच्या घरची होती. त्या वर्षीच्या वहीत काकांचे नाव आणि त्यांनी निवडलेले गीत आहे, आणि ते टिळकांचे आहे.

सहलीची ठिकाणे वाचकाला वहीत ठिकठिकाणी भेटतील. भिलाईच्या माणसाची पहिली सहल बहुधा मैत्रीबागेत होते. १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने कारखान्याने ही बाग आणि प्राणिसंग्रहालय उभारले. तिथले पांढरे वाघ, लहान मुलांची आगगाडी, तळ्यातल्या नावा हे सगळे अजून आहे. पण पंचवीस डिसेंबरला आणि एक जानेवारीला तिथे इतकी गर्दी होते की बसायला जागा मिळत नाही, आणि गर्दीत आजीची गीते कुणाला ऐकू जाणार? म्हणून मुले थोडी मोठी झाल्यावर आम्ही लांब जाऊ लागलो. बालोदजवळचे तांदुळा धरण वडिलांचे आवडते. इंग्रजांच्या काळातले हे धरण, त्याच्या कालव्याचे पाणी मरोद्याच्या तलावात येते आणि तिथून कारखान्याला मिळते. वडील म्हणायचे, “भट्टी थंड ठेवणारं पाणी कुठून येतं ते पोरांनी बघायला हवं.” भाड्याची मेटॅडोर, मागे दोन बाकांवर तीन कुटुंबे, जाताना अंताक्षरी आणि येताना झोपलेली मुले. डब्यात पोळ्या, भरीत, तिळाची चटणी, आईने केलेल्या करंज्या, शेजारच्या मल्याळी मावशींचा केक आणि वडिलांच्या हाताखालच्या खलाशाच्या घरून आलेली ठेठरी आणि खुरमी.

एका वर्षी खैरागढला गेलो. संगीताला वाहिलेले विद्यापीठ असलेले हे छोटे गाव भिलाईपासून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे इतके जवळ आहे. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, नावाने १९५६ साली राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विद्यापीठ सुरू केले. तिथे आरंभीच्या काळात कुलगुरू म्हणून आले ते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचे पट्टशिष्य. मुंबईत जन्मलेले, लखनौला उमेदीची वर्षे घालवलेले हे मराठी गायनाचार्य पुढे छत्तीसगढच्या एका संस्थानी गावात विद्यापीठ घडवायला आले, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. नाताळची सुट्टी असल्याने वर्ग बंद होते. तरी एका खोलीतून कुणीतरी यमन घोटत असल्याचा आवाज येत होता. बहिणीने त्या वर्षी कोणतेही गाणे न निवडता तो यमन निवडला. कुणी गायला, नाव काय, काही माहीत नाही. वडिलांनी नियमात बसतो का याचा विचार केला आणि म्हणाले, “आपण सगळे शेजारी उभे होतो की.” नोंद झाली.

छत्तीसगढच्या संगीताने आमच्या वहीत हळूहळू जागा केली. आधी आम्ही त्याकडे कामावरच्या माणसांचे गाणे म्हणून पाहत होतो, पुढे ते आमचेही झाले. यात मोठा हात डिसेंबरच्या तारखांचा आहे. १८ डिसेंबर ही गुरू घासीदासांची जयंती. १७५६ साली गिरौदपुरीला जन्मलेल्या या संताने सतनामाचा मार्ग सांगितला आणि माणसामाणसांत भेद नाही हे गावोगाव फिरून पटवले. त्या दिवशी सतनामी वस्त्यांमधल्या जैतखांबांवर नवे पांढरे निशाण चढते आणि पंथी सुरू होते. मांदर आणि झांजेवर संथ सुरू झालेली लय वाढत वाढत जाते, नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात, आणि मांदर तरीही वेग वाढवतच राहतो. देवदास बंजारे यांनी दुर्गकडची ही पंथी परदेशांत नेली. जयंतीचे कार्यक्रम पुढे कितीतरी दिवस चालतात, त्यामुळे आमच्या घरी करंज्यांचे सारण भाजले जात असताना बाहेरून मांदर ऐकू येतो. वडिलांच्या सतनामी सहकाऱ्याच्या वस्तीत आम्हाला दर वर्षी बोलावणे असे. एका वर्षी माझे गाणे पंथीचे होते, आणि आजीने त्यावर एवढेच म्हटले, “हे टाळी वाजवून म्हणायचं गाणं आहे, आपल्यातलंच.”

महाभारतकथा गाऊन सांगणाऱ्या पंडवानीवरून मात्र घरात खरा वाद झाला. तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. हातात तंबुरा घेऊन, उभे राहून, महाभारतातले एकेक पात्र स्वतः होऊन गाणारी ही बाई भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला होती. जग तिला रंगमंचावर पाहत होते आणि भिलाईची माणसे तिला आपल्या गावात येताजाता पाहत होती. तिच्या काळी बायकांनी पंडवानी बसून गावी असा रिवाज होता. तिने कापालिक शैलीत उभे राहून गायला सुरुवात केली आणि तिला समाजाचा रोष पत्करावा लागला. १९८७ साली पद्मश्री, २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण असे सन्मान तिला मिळाले. २०१९ च्या सहलीत भावाने तिचा दुःशासनवध निवडला. मेहुण्यांचे म्हणणे, ही कथा आहे, गाणे नाही. भाऊ म्हणाला, कथा आहे म्हणून गाणे नाही असे असेल तर कीर्तनही बाद करा. कीर्तन बाद करणे आमच्या घरात शक्य नव्हते. माझ्या मते भावाचे बरोबर होते, आणि नुसते नियमाच्या बाजूने नव्हे. ज्या गावात आपण दोन पिढ्या भाकरी खाल्ली, त्या गावातल्या सर्वांत मोठ्या आवाजाला आमच्या वहीत यायला इतकी वर्षे लागली, याची खंत त्याच्या बोलण्यात होती आणि ती मला पटते.

मराठी गाणी आमच्याकडे नागपूरहून यायची. नातेवाईक कॅसेट आणायचे, पुढे सीडी आणायचे. त्या काळाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांच्याच घरी ते सारखे घडले आहे. दोन नोंदींचा उल्लेख करते. २०१६ साली ‘सैराट’ चित्रपटाची गाणी निवडणारे फक्त आमच्यातलेच नव्हते, मेटॅडोरच्या ड्रायव्हरचेही तेच गाणे होते. तो छत्तीसगढी, मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. अजय-अतुल यांनी त्या गाण्यांसाठी हॉलिवूडला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेतला होता, आणि तो आवाज बालोदच्या रस्त्यावर पत्र्याच्या गाडीतही भरून उरला. दुसरी नोंद २०२२ ची, ‘मी वसंतराव’ या चित्रपटाची. गायक वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे आणि नागपूरचे. वर्षानुवर्षे कारकुनी करून गाणे सांभाळलेला हा माणूस वडिलांना फार जवळचा वाटायचा. शिफ्ट करून गाणे ऐकणाऱ्याला तो जवळचा वाटणारच. वडील तोवर गेलेले होते. ती निवड माझी होती आणि कारणापुढे मी त्यांचे नाव लिहिले आहे.

२०२० साली सहल झाली नाही. आम्ही गच्चीवर जमलो, घरातलेच, आणि बाहेरगावची मुले फोनवर होती. त्या वर्षीचे पान दोनदा वाचावे अशी माझी विनंती आहे. एकट्याने ऐकलेले गाणे चालत नाही या नियमापाशी त्या वर्षी सर्वच अडखळले, कारण शेजारी बसून ऐकायला माणसेच मिळत नव्हती. फोनवर दोघांनी एकदम ऐकलेले गाणे धरायचे का? धरले. दारासमोरून जाणाऱ्या भाजीवाल्याच्या गाडीवर लागलेले गाणे, मास्क लावून फाटकाशी उभे राहून ऐकले, तेही धरले.

२०२४ हे वर्ष जाणाऱ्या माणसांचे होते. जानेवारीत रशीद खान आणि प्रभाताई अत्रे, फेब्रुवारीत अमीन सयानी आणि पंकज उधास. अमीन सयानी गेले तेव्हा आमच्या घरात जो शोक झाला तो बाहेरच्या कुणाला समजावता आला नसता. आमची वहीच त्यांच्यामुळे होती. सगळ्यांनी आपली गाणी डिसेंबरच्या सुरुवातीलाच ठरवली होती. १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली आणि सहलीत पाहतो तर तिघांनी आधीची निवड बदलून तबला निवडलेला. भाचीने त्या वर्षी दोन्ही निवडी छापल्या आहेत, बदललेली आणि आधीची. ते तिने चांगले केले.

याच भाचीशी माझे एका गोष्टीवर सतत बोलणे होते, आणि हे पुस्तक छापायचे ठरले त्यामागे ते बोलणे आहे. तिच्या पिढीला वर्षाची यादी करावी लागत नाही. स्पॉटिफायसारखी ॲप डिसेंबरच्या सुरुवातीला ती करून देतात. तुम्ही कोणते गाणे किती वेळा वाजवले, किती मिनिटे ऐकले, सगळे रंगीत चित्रांसह. मुले ती यादी एकमेकांना पाठवतात आणि त्यात आनंद आहे, तो मी नाकारत नाही. पण भाचीने एकदा आपली तशी यादी सहलीत वाचून दाखवली तेव्हा पहिल्या क्रमांकाचे गाणे अभ्यास करताना मागे लावून ठेवलेली पावसाच्या आवाजाची धून निघाली. ते तिचे आवडते गाणे नव्हते, तिच्या झोपेचे आणि परीक्षेचे गाणे होते. मग तिने फोन खाली ठेवला आणि जे गाणे सांगितले ते त्या यादीत कुठेच नव्हते. मैत्रिणीच्या लग्नात, सुवा नाचणाऱ्या बायकांकडून, एकदाच ऐकलेले. यंत्र मोजू शकते ते त्याने मोजावे. एकदाच ऐकून वर्षभर पुरलेल्या गाण्याचे नाव मात्र माणसालाच तोंडाने सांगावे लागते, आणि ते ऐकून घ्यायला कुणीतरी समोर बसलेले लागते. आम्ही सहलीला जातो ते यासाठी.

मांडणीबद्दल दोन शब्द. जिथे आईचे अक्षर लागले नाही तिथे जागा मोकळी सोडली आहे, अंदाजाने भरलेली नाही. तिने ‘रेडिओवर’ एवढेच लिहिले असेल तिथे आम्ही केंद्राचे नाव घातलेले नाही. टिळकांच्या गीतांच्या चाली घरोघरी आणि मंडळीगणिक थोड्या बदलतात, आमच्या आजीची चाल नगरकडची आहे, म्हणून दुसऱ्या मंडळीतल्या वाचकांनी ती चूक समजू नये. शेजाऱ्यांची आणि सहकाऱ्यांची नावे काढून त्या जागी नाते किंवा हुद्दा लिहिला आहे. गाणी मात्र त्यांचीच आहेत आणि ती त्यांना विचारून छापली आहेत. मल्याळी मावशींनी आपली जुनी नोंद वाचून एक दुरुस्ती पाठवली. ती पुस्तकाच्या शेवटी दिली आहे आणि तिच्याबरोबर केकची कृतीही दिली आहे, कारण तो केक नसता तर निम्म्या सहलींना मुले आलीच नसती.

यंदाच्या नाताळला कुठे जायचे ते या पुस्तकाच्या कामात ठरले. मेटॅडोर करायची नाही. दुर्गहून सकाळच्या लोकलने राजनांदगावला जायचे, सगळ्यांनी एका डब्यात बसायचे, आणि आजीच्या प्रतीतली टिळकांची गीते त्या गाडीतच म्हणायची. डब्यातल्या लोकांना चालेल का, असे धाकट्या नातवाने विचारले आहे. पेटी नेणार आहोत, झांजा नेणार आहोत. गाणी सांगण्याचा कार्यक्रम राजनांदगावला उतरल्यावर होईल, आणि ती यादी या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत येईल.

भिलाई, डिसेंबर २०२५